हात लागला की चाल

ड्रायव्हर: हात काढ तिथून. माझी बटणं मी लावतो.

लेक: बाबा, वर हॉलमध्ये सगळे येऊन बसलेत आणि तू इथं जिन्यात उभा राहून कोटाशी कुस्ती खेळतोयस. तीनच बटणं आहेत. मी लावते पटकन.

ड्रायव्हर: नको म्हटलं ना. आज माझ्या हातात कुणी हात घालायचा नाही. हे बघ, हे गेलं. आता हे. झालं.

लेक: एक काज चुकलंय. कोट तिरका दिसतोय.

ड्रायव्हर: तिरका तर तिरका. उंट जन्मभर तिरका चालतो, त्याला कुणी पटावरून खाली उतरवत नाही.

लेक: गोळी घेतलीस?

ड्रायव्हर: घेतली. तुझ्याच दुकानातली आहे. गुण नाही आला तर भांडायला तुझ्याच काउंटरवर येईन.

लेक: बरं, ऐक. काल बुद्धिबळ क्लबच्या कमिटीची बैठक झाली. घरीच सांगणार होते, पण मग तू जेवला नसतास.

ड्रायव्हर: आता जेवलोय. बोल.

लेक: चिडायचं नाही.

ड्रायव्हर: असं म्हटलं की मी आधीच चिडून घेतो. बोल.

लेक: मागच्या फेरीत तुझा हात लागून अर्धा पट आडवा झाला होता ना? समोरच्यानं तक्रार केली. म्हणाला, माझा सगळा विचार विस्कटला. तर कमिटीचं म्हणणं असं, की आजची शेवटची फेरी तुला तशीच खेळू द्यायची. पण आज परत तुझ्या हातामुळे काही गडबड झाली, तर पुढच्या स्पर्धेपासून तुझ्या शेजारी मदतनीस बसणार. तू चाल तोंडानं सांगायची, सोंगट्या तो हलवणार.

ड्रायव्हर: कोण मदतनीस?

लेक: सेक्रेटरींचा मेहुणा तयार आहे.

ड्रायव्हर: तो? अगं, त्याला घोडा कुठं पडतो ते बोटानं मोजावं लागतं! वा रे वा. म्हणजे स्टेअरिंगवर तो, आणि मी मागच्या सीटवर बसून 'डावीकडे घे, हळू घे, अरे खांब आहे' ओरडत राहायचं. उभ्या जन्मात मी माझी गाडी कुणाच्या हातात दिली नाही.

लेक: नियमात आहे ते, बाबा. मोठमोठ्या स्पर्धांत लोक मदतनीस घेऊन खेळतात.

ड्रायव्हर: घेऊ देत की. ज्याला लागतो त्यानं घ्यावा, मी कुठं नावं ठेवतोय? मला लागत नाही. लागेल तेव्हा मी सांगेन, कमिटीनं नाही सांगायचं.

लेक: त्यांना वाटतं तू हट्टी आहेस.

ड्रायव्हर: लायसन काढून घेतलं तेव्हा केला का हट्ट? गुपचूप किल्ली टेबलावर ठेवली आणि घरी आलो. का? तर माझ्या पाठीमागं बसभर माणसं असायची, त्यांच्या जिवाचा प्रश्न होता. इथं कुणाचा जीव जातोय? मेला तर लाकडाचा राजा मरेल, आणि पुढच्या डावाला परत उभा राहील.

लेक: माझ्यावर कशाला ओरडतोस? मी काय कमिटी आहे?

ड्रायव्हर: पंच तर आहेस.

लेक: म्हणून तर अडकलेय! गडबड झाली की नाही, हे मीच सांगायचंय त्यांना. क्लबात पंचाची परीक्षा दिलेली मी एकटी. दुसरं कुणी असतं तर तुझ्या टेबलाकडे फिरकले नसते.

ड्रायव्हर: काय सांगशील?

लेक: जे दिसेल ते.

ड्रायव्हर: शाब्बास. एवढंच हवंय मला.

लेक: पण एक युक्ती आहे. सांगू? सोंगटी घरात वाकडी बसली असली तर 'नीट करतो' असं म्हणून तिला हात लावता येतो. मग ती चालावी लागत नाही. तर तुझा हात चुकून कुठं लागला, की लगेच म्हणायचं, 'नीट करतो.' झालं. कुणी काही बोलू शकत नाही.

ड्रायव्हर: ते हात लावायच्या आधी म्हणायचं असतं.

लेक: एका श्वासाचा फरक. कोण बघतंय?

ड्रायव्हर: तू बघायचंस! काय पंच आहेस का कोण? गाडी खड्ड्यात गेल्यावर इंडिकेटर दाखवायचा, असलं शिकवतेस बापाला? हात लागला की चाल. साधा नियम आहे. तू एवढीशी असताना तुला मीच शिकवला. वजीर हातात घेऊन रडत बसली होतीस.

लेक: आणि तू तो चालायला लावलास.

ड्रायव्हर: लावला. त्यानंतर परत कधी न बघता वजिराला हात घातलास?

लेक: नाही. पण माझा हात थरथरत नव्हता, बाबा.

ड्रायव्हर: थरथर माझ्या ओळखीची झालीय आता. ती सारखी नसते. येते, जाते. मधे जरा मोकळं मिळतं, चौकात गाड्यांच्या मधून मिळतं ना तसं. तेवढ्यात हात घालायचा आणि काम उरकायचं. घाई नाही केली तर काही होत नाही.

लेक: मग मागच्या फेरीत काय झालं?

ड्रायव्हर: घाई केली. चल वर. आज समोर कोण आहे?

लेक: दातांच्या डॉक्टर. चौकातला दवाखाना ना, त्या.

ड्रायव्हर: हसत हसत उपटते म्हणतात ती? बरं झालं. कुणीतरी दमदार मिळालं.

लेक: आणि हे बघ, वर मी तुला 'तुम्ही' म्हणणार. सगळ्याच खेळाडूंना म्हणते. नाहीतर लोक म्हणतील, बापासाठी पंच झाली.

ड्रायव्हर: म्हण की. घरीसुद्धा म्हणालीस तर मी अडवणार नाही.

—

डॉक्टर: या काका, बसा. खुर्ची पुढं घेऊ का जरा?

ड्रायव्हर: खुर्ची ओढता येते मला. आणि पटावर काका-बिका नाही. पांढऱ्या माझ्या ना?

डॉक्टर: पांढऱ्या तुमच्या. पहिली चाल तुमची. ओळखलंत का मला?

ड्रायव्हर: दात दाखवायला कधी आलो नाही बुवा तुझ्याकडे.

डॉक्टर: दातांच्या फार आधीची ओळख आहे. कॉलेजला तुमच्या सकाळच्या बसनं जायचे मी. म्हणजे, जायची इच्छा असायची. मी कोपऱ्यावरून ओरडत, हात हलवत पळत यायचे. आरशात मी दिसायचे तुम्हाला, शंभर टक्के दिसायचे. आणि तुम्ही दार लावून निघून जायचात.

ड्रायव्हर: पिवळी छत्री?

डॉक्टर: अय्या! हो, पिवळी छत्री!

ड्रायव्हर: दिसायचीस. पण वेळ झाली की निघायचं. आत बसलेली माणसं वेळेवर आलेली असायची, त्यांनी काय पाप केलं?

डॉक्टर: इतक्या शिव्या घातल्यात तुम्हाला, काय सांगू.

ड्रायव्हर: पोचायच्या. पुढच्या थांब्याला बरोबर उचकी लागायची.

लेक: खेळाडूंनी आता गप्पा थांबवा. फोन बंद करा. हात मिळवा. शेवटची फेरी सुरू होतेय.

ड्रायव्हर: पंचबाई, एक शंका आहे. तो दाराशी सेक्रेटरींचा मेहुणा का उभा आहे?

लेक: बघायला आलेत ते. कुणालाही बघता येतं.

ड्रायव्हर: पट बघायला आलाय का माझा हात बघायला?

लेक: तुम्ही तुमच्या पटाकडे लक्ष द्या. काळ्यांनी घड्याळ सुरू करा.

ड्रायव्हर: हाताची घडी घालून उभा आहे नुसता. असू दे. बघ म्हणावं.

डॉक्टर: ... असू द्या, काका. परत ठेवा ते.

ड्रायव्हर: काय परत ठेवू?

डॉक्टर: ते प्यादं. तुम्ही राजासमोरच्या प्याद्याकडे हात नेत होतात, दिसलं मला. हात जरा शेजारी गेला, एवढंच. ठेवा आणि तुमचं खेळा. मी काही बघितलं नाही.

ड्रायव्हर: दिसलं म्हणतेस आणि बघितलं नाही म्हणतेस. दोन्हीतलं एक काहीतरी ठरव.

लेक: काय झालं इथं? हळू बोला, शेजारचे डाव सुरू आहेत.

ड्रायव्हर: पंच, मी राजासमोरचं प्यादं घ्यायला गेलो. बोटांत त्याच्या शेजारचं आलं, उंटासमोरचं. नुसतं लागलं नाही, चिमटीत धरलं आणि उचललं. हे बघा, अजून हातातच आहे. निर्णय द्या.

लेक: मी... मी त्या खिडकीजवळच्या टेबलाकडे बघत होते. मला काही दिसलं नाही.

ड्रायव्हर: खोटं.

लेक: बाबा!

ड्रायव्हर: इथं बाबा नाही. जिन्यापासून तुझी नजर माझ्या हातावरून हललेली नाही. खिडकीजवळ कोण बसलंय ते तरी माहीत आहे का तुला? जे दिसेल ते सांगेन म्हणालीस मघाशी.

लेक: ठीक आहे. दिसलं. मग पंच म्हणून नियमही सांगते. मनात असून सोंगटी धरली तरच ती चालावी लागते. चुकून हात लागला तर ते धरत नाहीत. हा अपघात आहे. प्यादं घरात ठेवा आणि तुम्हाला हवी ती चाल करा.

डॉक्टर: मला मान्य आहे. अगदी मनापासून.

ड्रायव्हर: मला नाही.

लेक: अहो, निर्णय तुमच्या बाजूनं दिलाय!

ड्रायव्हर: माझ्या बाजूनं? तो बघ, तू 'अपघात' म्हणालीस आणि मेहुण्याची मान लगेच वीतभर उंच झाली. तोच शब्द ऐकायला आलाय तो. हाताला अपघात झाला म्हणजे गडबड झाली. गडबड झाली की उद्यापासून तो माझ्या मांडीला मांडी लावून बसलाच म्हणून समज.

लेक: मी त्यांना समजावीन. तेवढं मला जमेल.

ड्रायव्हर: मेहुणा गेला खड्ड्यात. नीट ऐक. आज पहिल्याच खेळीला अपघात म्हणालीस, तर उद्या माझी चांगली खेळीसुद्धा लोक अपघातच म्हणतील. हरलो तर म्हणतील, बिचाऱ्याचा हात. जिंकलो तर म्हणतील, बोट चुकलं आणि नशिबानं बरं पडलं. म्हणजे मी कुठंच नाही. खेळतोय कोण मग, नुसती थरथर?

लेक: पण तुम्हाला हे प्यादं खेळायचंच नव्हतं!

ड्रायव्हर: हा हात कुणाचा आहे?

लेक: तुमचा.

ड्रायव्हर: मग प्यादं कुणी धरलं?

लेक: असं कोर्टात उभं केल्यासारखं विचारू नका मला. ते प्यादं हललं की राजाकडे येणारी तिरकी वाट उघडी पडते. पहिल्याच खेळीत! तुम्हीच मला शिकवलंय, त्या प्याद्याला सुरुवातीला शिवायचं नाही...

ड्रायव्हर: पंच आहेस. चाल सुचवू नकोस.

डॉक्टर: काका, ऐका ना त्यांचं. मी तक्रार करत नाही, पंच सूट देतायत. तुम्हीच एकटे स्वतःच्या विरुद्ध भांडताय.

ड्रायव्हर: सूट मी मागितली का? बसची सबंध नोकरी झाली माझी. फाटकाला गाडी घासली असेल, चाक कुणाच्या बागेत गेलं असेल. दर वेळी खाली उतरलो आणि म्हणालो, माझ्या हातून झालं. अपघात झाला असं एकदाही म्हणालो नाही. माझ्या नावावर तो शब्द नाही. आता एका लाकडाच्या प्याद्यासाठी लावून घेऊ? बोल, पंच. माझं घड्याळ पळतंय.

लेक: हात लागला की चाल. खेळा.

ड्रायव्हर: हां. उंटासमोरचं प्यादं, दोन घरं पुढं. एक घर सरकवून लपवायचं नाही, दोन घरं. हे ठेवलं. हे घड्याळ दाबलं. आता तुझी पाळी, पिवळी छत्री.

[डाव पुढं सरकतो. फक्त घड्याळाची बटणं दाबल्याचा आवाज.]

डॉक्टर: बरोबरी घेता?

ड्रायव्हर: काय म्हणालीस?

डॉक्टर: बरोबरी. नियमानंच विचारतेय. दोघांना अर्धा अर्धा गुण. छान निघून जाऊ.

ड्रायव्हर: पट अजून गच्च भरलाय आणि तुला घरी जायची घाई?

डॉक्टर: मला सारखंच वाटतंय दोन्हीकडे.

ड्रायव्हर: सारखं? मघाशी वजीर बाहेर काढायला हात उचललास तू. उचललास आणि परत मांडीवर ठेवलास. आणि मग कोपऱ्यातलं प्यादं एक घर सरकवलंस. ते प्यादं सरकवून काय मिळालं तुला?

डॉक्टर: विचार बदलला माझा.

ड्रायव्हर: दया आली. सरळ सांग ना.

डॉक्टर: बरं, आली. वजीर बाहेर आला असता तर डाव आठ-दहा चालींत आटोपला असता, तोसुद्धा सगळ्यांच्या देखत. तुम्ही खरं बोललात, नको असलेली चाल खेळलात, आणि त्याच चालीचा फायदा घेऊन तुम्हाला आडवं करायचं? नाही हो जमत मला. हात पुढं जाईना.

लेक: खेळाडूंनी बोलायचं नाही. बरोबरी घ्यायची की नाही, तेवढंच सांगा.

ड्रायव्हर: सांगतो. माझ्याच घड्याळात बोलतोय, पंच, कुणाचं काही जात नाही. काय गं, मी तुझ्यासाठी एकदा तरी थांबलो?

डॉक्टर: नाही.

ड्रायव्हर: एकदा तुझी चप्पल तुटली होती. चप्पल हातात घेऊन अनवाणी पळत होतीस, छत्री काखेत. थांबलो?

डॉक्टर: नाही. दार माझ्या नाकासमोर लावलंत. त्या दिवशी रडले होते मी स्टॉपवर.

ड्रायव्हर: ते पण दिसलं आरशात. मग तू आज का थांबतेस? मी तुझ्याकडे कीव मागायला आलेलो नाही. कीव मला घरी बसून फुकट मिळते. शेजारचे देतात, भाजीवाला देतो, ओळखीचे लोक रस्ता ओलांडून येऊन देतात. इथं मी डाव मागायला आलोय. तो तू दिला नाहीस तर मी कुणाकडे जाऊ?

डॉक्टर: त्या चपलेच्या दिवसानंतर मी रोज वेळेआधी यायला लागले. आठवतंय?

ड्रायव्हर: आठवतंय. रांगेत पिवळी छत्री सगळ्यात पुढं.

डॉक्टर: म्हणजे बरोबरी नाही?

ड्रायव्हर: नाही.

लेक: बरोबरी नाकारली. डाव पुढं चालू.

डॉक्टर: बरं तर मग. वजीर. शह.

ड्रायव्हर: आत्ता कशी! त्याच वाटेनं आलीस. बस, बस. जरा विचार करू दे.

डॉक्टर: करा. मी थांबेन, तुमचं घड्याळ थांबणार नाही.

ड्रायव्हर: बोलायला लागली बघ!

लेक: शांतता.

ड्रायव्हर: अर्रर्र. थांबा! कुणी हात लावू नका! पडल्यात त्या मीच उभ्या करतो. माझ्या वेळात करतोय, घड्याळ चालू आहे. हत्ती या घरात. राजा इथं. घोडा इथं...

डॉक्टर: घोडा एक घर डावीकडे.

ड्रायव्हर: डावीकडे. बरोबर. आभारी आहे. पंच, बघून घ्या. सगळं जिथल्या तिथं?

लेक: सगळं जिथल्या तिथं. डॉक्टर, तुमची काही तक्रार?

डॉक्टर: कसली? सोंगट्या पडल्या, त्यांनी त्यांच्या वेळात उभ्या केल्या. नियम तसाच आहे ना?

लेक: तसाच आहे.

डॉक्टर: मग त्या दाराशी उभ्या असलेल्या गृहस्थांना जरा खुर्ची द्या. डाव लांबणार आहे. हे इतक्यात मरत नाहीत.

—

ड्रायव्हर: सोडला डाव. हे घे, हात मिळव. नीट दाब की, मोडत नाही तो.

डॉक्टर: बापरे. घाम फुटला मला. बाकीची टेबलं कधी रिकामी झाली, कळलंच नाही.

ड्रायव्हर: तो मेहुणा कुठं गेला?

डॉक्टर: मधेच जांभया देत गेला. खरं सांगू? मी दोनदा घाबरले. तुमचा हत्ती माझ्या घरात शिरला तेव्हा, आणि ते प्यादं माझ्या राजाच्या दाराशी येऊन बसलं तेव्हा. तेच हो, उंटासमोरचं. त्याला हाकलता हाकलता नाकी नऊ आले.

ड्रायव्हर: बसलं होतं खरं दार अडवून. पण तेवढ्यात तू मागनं, त्याच तिरक्या वाटेनं वजीर परत आणलास. पहिल्या खेळीत मीच उघडी केलेली वाट. शेवटपर्यंत बुजवता आली नाही मला.

डॉक्टर: ती पहिली खेळी झाली नसती तर...

ड्रायव्हर: चूक होती ती. चूक म्हण, काही वाटणार नाही. चुका सगळेच करतात, तू पण केलीस, ते कोपऱ्यातलं प्यादं सरकवलंस ती. अपघात तेवढा म्हणू नकोस.

डॉक्टर: नाही म्हणणार. आणि कीव पण नाही परत. दमवलंत हो मला. उद्या पहिल्या पेशंटच्या तोंडात हात घालताना माझाच हात थरथरेल.

ड्रायव्हर: त्याला सांग, थरथर येते-जाते, मधली फट बघून काम करते म्हणून.

डॉक्टर: पुढच्या स्पर्धेत परत तुमच्याशीच डाव पडू दे, काका. म्हणजे, पटाबाहेर काका म्हटलं तर चालेल ना?

ड्रायव्हर: पटाबाहेर चालेल. पुढच्या वेळी पांढऱ्या तुला. आणि वेळेवर ये. मी थांबत नाही.

डॉक्टर: माहीत आहे मला ते. कुणाहीपेक्षा जास्त. येते.

लेक: गेल्या त्या. चल, मी दिवे बंद करते. पटबिट उद्या आवरू.

ड्रायव्हर: 'चला' म्हणायचं. हॉलमध्ये आहेस अजून.

लेक: फेरी संपली. आता तू माझा बाप आहेस आणि मला तुझा भयंकर राग आलाय.

ड्रायव्हर: ये की. किती दिवसांनी आलाय.

लेक: थट्टा नको. सगळ्यांच्या देखत मला खोटारडी म्हणालास.

ड्रायव्हर: खोटारडी नाही म्हणालो. खोटं म्हणालो. तू बोललीस ते खोटं होतं.

लेक: तुझ्यासाठी बोलले! मला वाटलं, पहिल्याच चालीत सुरुवात फाटली, आता हा झटपट हरणार, आणि सगळा हॉल त्याच्याकडे 'अरेरे' करून बघणार. ते मला बघवलं नसतं, बाबा. दुकानात लोक येतात ना, तुझ्या गोळ्यांची पट्टी बघून विचारतात, 'कसे आहेत बाबा आता?' तो 'आता' शब्द ऐकला की मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटतं.

ड्रायव्हर: मग धाव की. माझी मुलगी शोभशील.

लेक: मला भीती वाटते तुझ्यासाठी.

ड्रायव्हर: मलाही वाटते. रोज सकाळी चहाचा कप उचलताना वाटते. सही करताना वाटते. हा हात माझ्यावर रुसलाय, कळतंय मला. पण रुसला तरी माझाच आहे ना? त्यानं बिघडवलं तर मी भरून देईन. पण त्याच्याऐवजी दुसऱ्याचा हात बसवायचा असेल, तर तो दिवस मी ठरवणार. येईल तो दिवस, नाही असं नाही. त्या दिवशी मीच तुला हाक मारीन, आणि तू ये. पण मेहुणा नको, हं.

लेक: मेहुणा नाही.

ड्रायव्हर: आज हरलो. बघितलं कुणी 'अरेरे' करून?

लेक: नाही. शेवटी तर सगळे तुझ्या टेबलाभोवती माना घालून उभे होते. तू त्या प्याद्याला पुढं रेटलंस तेव्हा कुणी श्वास घेत नव्हतं. मीसुद्धा.

ड्रायव्हर: पंचानं श्वास घ्यायचा असतो.

लेक: आण इकडे तो कोट. केव्हाचा तिरका चाललायस.

ड्रायव्हर: लाव. आता डाव संपलाय. एक काज खाली घे.

लेक: उभा राहा सरळ... थांब, फोन वाजतोय. सेक्रेटरी आहेत. मेहुण्यानं जाऊन कान भरलेले दिसतायत.

ड्रायव्हर: उचल की मग. घाबरतेस काय?

लेक: घाबरत नाही. हॅलो... हो, आत्ताच संपला. डॉक्टर जिंकल्या... नाही, गडबड काहीच नाही. तक्रारही नाही, त्यांनाच विचारा हवं तर... पहिली खेळी? उंटासमोरचं प्यादं, दोन घरं पुढं... हो, मी तिथंच उभी होते, बघत होते... कुणी म्हणजे काय? बाबांनीच. स्वतःच्या हातानं.